मागची सीट

"आणखी दोन मार," दिगंबर म्हणाले.

मी पंपाचा दांडा दोनदा खाली दाबला. ते मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. त्यांनी टायर दोन्ही अंगठ्यांखाली दाबून पाहिला, मग त्यावर टिचकी मारून कान जवळ नेला.

"पंचेचाळीस."

पंपाच्या बुडाशी घड्याळासारखी तबकडी होती. काटा पंचेचाळीसच्या जेमतेम पुढं थांबला होता.

"बरोबर," मी म्हणाले आणि वहीत लिहिलं. मंगळवार, सकाळी सव्वासहा. पुढचं चाक पंचेचाळीस, मागचं पंचेचाळीस.

ती वही अजून माझ्या कपाटात आहे. मी फलटणच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. कशाचंही कारण कळलं नाही की आधी वही उघडायची, ही मला लागलेली सवय. दिगंबर दुसऱ्या शाळेत क्रीडाशिक्षक होते. तरुणपणी जिल्ह्याच्या सायकल शर्यतींत त्यांचं नाव असायचं. मग काचबिंदू झाला. एक डोळा आधी गेला, दुसरा हळूहळू. या गोष्टीच्या दोन वर्षं आधी उरलासुरला उजेडही गेला आणि त्यांनी नोकरी सोडली. नवऱ्याला मी 'अहो' म्हणते, नाव घेत नाही. लिहिताना मात्र दिगंबरच लिहिते, नाहीतर कोण काय म्हणालं ते कळायचं नाही.

सायकल आमच्या ऋतानं पाठवली होती. ती पुण्यात नोकरीला. तिथल्या एका कारागिराकडून तिनं दोन सीटांची सायकल बनवून घेतली. एकामागे एक दोन सीट, दोन हँडल, पेडलच्या दोन जोड्या. पुढच्यानं चालवायची, मागच्यानं नुसती ताकद लावायची. कारागीर भला माणूस. म्हणाला, महिनाभर वापरून बघा, जमली नाही तर मी टेम्पो पाठवून परत नेईन.

पुढं मी, मागं दिगंबर. सत्तेचाळीसाव्या वर्षी, कॉलेजनंतर पहिल्यांदा मी सायकलवर बसले. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि कुंपणावर जाऊन टेकलो. आठ दिवसांत कॅनॉलकडेच्या रस्त्यानं विडणीपर्यंत जाऊन येऊ लागलो. लोक थांबून बघायचे. "बाई पुढं आणि सर मागं!" असं कुणी तरी रोज म्हणायचंच. दिगंबर मागून हात हलवायचे. त्यांच्या पायांत केवढी ताकद होती! चढाला मला वाटायचं, कुणी तरी पाठीमागून हात लावून ढकलतंय.

दहाव्या-बाराव्या दिवसापासून मात्र ते उतरले की अंगणातला खांब धरून थोडा वेळ तसेच उभे राहायचे. मग जेवायला बसताना पाटावर घोंगडीची घडी घेऊ लागले. मी विचारलं तर, "काही नाही, सवय गेलीय." आणि त्या सोमवारी संध्याकाळी ते एकदम म्हणाले, "ऋताला फोन कर. रविवारी टेम्पो पाठव म्हणावं."

"का?"

"सीट लागते. कमरेत कळ जाते. झोप लागत नाही मला."

"मग सीट बदलू."

"सीटचं काय घेऊन बसलीस, हेमा? झाले ना वीस दिवस. बघितलं आपण चालवून."

त्यांचा तो आवाज मला माहीत होता. दोन वर्षांपूर्वी शाळेचा राजीनामा लिहून घेतानाही त्यांनी मला याच आवाजात मजकूर सांगितला होता. सायकल गेली की खुर्ची आणि रेडिओ, रेडिओ आणि खुर्ची. ते पुन्हा सुरू होणार हे मला दिसत होतं.

फोन मी केला. टेम्पो रविवारी दहाला यायचं ठरलं. पण फोन ठेवून मी त्यांना म्हटलं, "मधले पाच दिवस माझे. मी सांगेन तसं करायचं."

"काय करणार आहेस?"

"शोधणार आहे. मला तुमच्याइतकंच अंतर जाऊन काहीही होत नाही. तुम्ही आयुष्यभर सायकल चालवलेला माणूस, तुम्हालाच का होतं?"

"वय झालं."

"माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहात तुम्ही, वीस नाही."

खरं सांगायचं तर मला त्यांची काळजी होती त्याहून जास्त ते कोडं पडलं होतं. एकच सायकल, एकच रस्ता, दोन माणसं. एकाला दुखतं, दुसऱ्याला नाही. असं कसं?

नववीच्या मुलांना मी एक गोष्ट दरवर्षी सांगायचे. कारण शोधायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर कुणामुळं काय झालं ते कळणार नाही. म्हणून आधी हवा. टायरच्या कडेवर जास्तीत जास्त पासष्ट पौंड असं लिहिलं होतं आणि पहिल्या दिवसापासून आम्ही तेवढीच भरत होतो. टायर दगडासारखा लागायचा. मंगळवारी ती सगळी सोडून नव्यानं पंचेचाळीस भरली आणि विडणीला गेलो. माझ्या हातांची झिणझिण गेली. रस्ता गुळगुळीत झाल्यासारखा वाटला.

"कसं आहे?" परत आल्यावर मी विचारलं.

दिगंबर खांब धरून उभे होते. "थोडं बरं."

"थोडं म्हणजे किती? दहातले किती?"

"काल आठ दुखत होतं, आज सात."

बुधवारी मी हवा एकदम तीसवर आणली. दिगंबरनी अंगठ्यानं टायर दाबला आणि तोंड वाकडं केलं.

"दोघांच्या वजनाला हे फार कमी आहे."

"तुम्ही परवा कबूल केलंय. मी सांगेन तसं."

विडणीच्या अलीकडच्या मोरीवर फट्‌ असा आवाज झाला आणि मागचं चाक बसलं. तिथून फलटणपर्यंत आम्ही चालत आलो. मी सायकल ढकलत होते, ते मागच्या सीटवर हात ठेवून चालत होते. घरी न जाता सरळ मलठणात हमीदभाई शिकलगारांच्या दुकानात गेलो.

हमीदभाई दिगंबरच्या शर्यतींच्या काळापासूनचे. त्यांनी ट्यूब बाहेर काढून पाण्याच्या घमेल्यात बुडवली. शेजारीशेजारी दोन ठिकाणांहून बुडबुडे आले.

"ही बघा बाई. साप डसल्यागत दोन भोकं. काटा लागला तर येकच पडतंय. ही रिमनं चिमटलीया. हवा किती हुती?"

"तीस."

हमीदभाईंनी दिगंबरकडं पाहिलं. दिगंबर म्हणाले, "माझ्याकडं बघत असशील तर मी सांगितलं होतं."

"चाळीसच्या खाली नगा जाऊ," हमीदभाई म्हणाले. "आन् दुखतंय म्हनता तर हवेचं न्हाई ते. सीटचं बघा."

मग सीटचं बघितलं. त्या संध्याकाळी मी शाळेच्या प्रयोगशाळेतून स्पिरिट लेव्हल आणली आणि मागच्या सीटवर आडवी ठेवली. सीट सपाट होती. नाक किंचित खाली केलं तर दिगंबर पुढं घसरू लागले आणि सगळा भार मनगटांवर आला, म्हणून पुन्हा सपाट केली. उंची त्यांनी स्वतःच पाहिली. पेडल अगदी खाली नेऊन त्यावर टाच ठेवली, पाय सरळ होतो का ते बघितलं आणि म्हणाले, "ही ठीक आहे. हे मी झोपेतही सांगेन."

राहिली रुंदी. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा मी स्टुलावर ठेवला.

"बसा यावर."

"काय आहे?"

"बसा म्हणते ना. पाय थोडे वर घ्या. आता उठा."

पुठ्ठ्यावर दोन खळगे पडले होते. मी त्यांचं बोट धरून एकेका खळग्यात ठेवलं.

"ही काय माझी हाडं?"

"तुमची. मधलं अंतर अकरा सेंटिमीटर."

"आणि तुझं?"

मी दुसरा पुठ्ठा घेऊन बसले. "तेरा."

ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. "म्हणजे मोठी सीट तुलाच पाहिजे." दोन्ही सीट एकाच मापाच्या होत्या आणि मागच्या बाजूला त्या दोघांनाही पुरेशा रुंद होत्या. रुंदीचं खापरही सीटवर फोडता येईना.

तरी गुरुवारी हमीदभाईंनी एका जुन्या काळ्या सायकलची चामड्याची, खाली जाड स्प्रिंगा असलेली सीट काढून मागं बसवली. तिच्यावर दिगंबर टोपलीतल्या कोंबडीसारखे वरखाली होत राहिले. दुखणं सातावरून सहावर आलं, पण एका धक्क्यानंतर ती दोनदोनदा उडवायची. शुक्रवारी ती काढून टाकली आणि मी शेवटचा प्रयोग केला. माझी पुढची सीट मागं, त्यांची मागची सीट पुढं. हवा चाळीसच.

विडणीला जाऊन आलो. त्यांची सीट मला अजिबात लागली नाही. माझी सीट त्यांना लागली. सात.

अंगणात सायकल उभी करून मी वहीत ते लिहिलं. लिहिताना पेन्सिलचा आवाज ते ऐकत होते.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"सीटचा दोष नाही."

"हवेचाही नाही."

"नाही."

"उंचीचा नाही, रुंदीचा नाही." ते पायरीवर बसले. बसताना एक हात त्यांनी आधी खाली टेकवला. "तूच शिकवतेस ना मुलांना? सगळं बाजूला काढल्यावर जे उरतं ते कारण. उरलो मी. तूही त्याच रस्त्यानं येतेस. तुलाही तेवढेच धक्के बसतात. तू एका शब्दानं बोलत नाहीस, आणि मी रोज कण्हतोय. आता नको, हेमा. पुरे झालं."

मी वही मिटली. पण त्यांचं एक वाक्य डोक्यातून जाईना. तुलाही तेवढेच धक्के बसतात. बसत होते का? मला एकही धक्का आठवत नव्हता. सीट बदलली, तरीही नाही. मग माणूस बदलून बघितला पाहिजे. त्यांना पुढं बसवता येणार नव्हतं. मला मात्र मागं बसता येणार होतं.

शनिवारी सकाळची शाळा करून मी सायकल घेऊन एकटीच हमीदभाईंकडं गेले.

"हमीदभाई, पुढं बसा. मला मागं बसवून विडणीला नेऊन आणा."

त्यांच्या हातातला पाना तसाच राहिला. "मी? आन् तुमी मागं? बाई, लोक काय म्हनतील?"

"लोक तीन आठवडे म्हणतच आहेत."

आतून त्यांची बायको शमीम बाहेर आली. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "जावा की. बाई सारखं विचारतीया तर तिचं उत्तर तिला मिळूद्या. दुकान मी बघते."

हमीदभाईंनी टोपी नीट केली, हँडल धरलं आणि आम्ही निघालो.

मागं बसल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती हमीदभाईंची पाठ. रुंद, घामानं ओली झालेली खाकी पाठ. तिच्यापलीकडं काहीच नव्हतं. रस्ता बाजूनं मागं जाताना दिसायचा, पुढून येताना नाही. हँडल होतं पण वळायचं नाही. ब्रेक नव्हता. कॅनॉलचा रस्ता लागला आणि कुणीतरी खालून माकडहाडावर हातोडा मारावा तसा दणका बसला. माझे दात एकमेकांवर आपटले.

"हमीदभाई!"

"काय झालं?"

"केवढा खड्डा होता!"

"कुठं? ल्हानसाच हुता की. मला तर काय लागलं न्हाई."

मला हसू फुटलं, पण लगेच दुसरा बसला. मग खडीचा पट्टा. मग उसाच्या ट्रॉलीतून पडून रस्त्याला चिकटलेली उसाची कांडी, एकामागून एक. प्रत्येक वेळी मी सीटवर गोणीसारखी बसलेली असायचे आणि प्रत्येक वेळी खालून ठोसा यायचा. विडणीच्या अलीकडं मी हमीदभाईंना सांगितलं, "परत फिरा, आणि त्याच रस्त्यानं पुन्हा न्या." आता मी रस्ता सोडून फक्त त्यांच्याकडं बघणार होते.

तेव्हा मला दिसलं. खड्डा यायच्या जरासा आधी हमीदभाईंची खाकी पँट सीटवरून दोन बोटं वर उठायची. गुडघे किंचित वाकायचे. चाक खड्ड्यातून जायचं आणि ते पुन्हा अलगद खाली बसायचे. तेवढ्यात तोच खड्डा मागच्या चाकाखाली येऊन मला मिळायचा. ते कॅनॉलकडं बघत काहीतरी सांगत होते, बोलणं थांबतही नव्हतं, आणि पँट वर उठत होती.

"हमीदभाई, तुम्ही खड्डा आला की उठता."

"मी? न्हाई बा."

"उठता."

त्यांनी थोडं अंतर जाऊन बघितलं. "आयला," ते म्हणाले. मग लाजून म्हणाले, "माफ करा बाई. पर खरंच की. पाय आपल्या मनानंच करत्यात."

माझे पायही आपल्या मनानंच करत होते. तीन आठवडे. मोरी दिसली की मी उठत होते, खडी दिसली की उठत होते आणि मला पत्ता नव्हता. उठायला आधी दिसावं लागतं. किंवा कुणीतरी सांगावं लागतं.

शेवटच्या अर्ध्या मैलाला मी डोळे मिटले. प्रयोग पूर्ण करायचा म्हणून मिटले, दुसरं काही मनात नव्हतं. पहिल्याच दणक्याला माझं अंग आखडलं आणि मग आखडलेलंच राहिलं. पुढचा कधी येईल, येईल की नाही, काहीच कळेना. कमरेत कळ तेव्हा आली. दणक्यानं नव्हे, वाट बघण्यानं. दुकानापाशी उतरले तेव्हा मी नकळत खांब शोधत होते.

हमीदभाईंच्या दुकानापासून मी सायकल हातानं ढकलत घरी आले. बसवेना म्हणून नव्हे. मला जरा वेळ हवा होता.

मी का सांगितलं नव्हतं? निघताना "निघूया" म्हणायचे, थांबताना "थांबतेय" म्हणायचे, मग खड्डा का नाही? चालताना आठवायला लागलं. घराची पायरी आली की मी त्यांचं कोपर नुसतं दाबायचे. समोर गाय आली की खांद्यानं त्यांना बाजूला घ्यायचे. 'बघा', 'दिसतं', 'दिसलं' हे शब्द दोन वर्षांत मी घरातून काढून टाकले होते. टीव्हीवर कापड घातलं होतं. ऋता फोटो पाठवायची, ते आल्याचंही मी बोलायचे नाही. बाहेरून आले की काय बघितलं ते सांगायचे नाही. मला वाटायचं, मी जपतेय. त्यांना काय गेलंय याची आठवण माझ्या तोंडून व्हायला नको. म्हणून खड्डे मी शक्य तेवढे चुकवायचे आणि जे चुकायचे नाहीत त्यांच्यावरून गप्प बसून जायचे, त्यांना कळू नये म्हणून.

दिगंबर ओसरीवर होते. रेडिओ बंद होता.

"कुठं गेली होतीस सायकल घेऊन?"

"विडणीला. हमीदभाई पुढं, मी मागं."

ते वळले. "मागं?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. हमीदभाईंची पँट, उसाची कांडी, मिटलेले डोळे. शेवटी मी म्हणाले, "तुम्ही म्हणालात मलाही तेवढेच धक्के बसतात. मला एकही बसत नव्हता. मी सगळे तुम्हालाच दिले."

ते हातातल्या काठीचं टोक फरशीवर घासत राहिले.

"मला वाटलं, रस्ताच आता असा झालाय," ते म्हणाले. "दोन वर्षांत पार उखडला असेल. म्हटलं, ही बिचारी त्यातून मला नेतेय, आणि वर मी तक्रार करू?"

"रस्ता होता तसाच आहे. पाच-सात ठिकाणी खराब आहे, एवढंच."

"पाच-सात?"

"मी मोजले आज. जाताना सात, येताना पाच. मोरी धरून."

"मग सांगायचं होतंस की गं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "मला वाटलं, सांगितलं की तुम्हाला वाईट वाटेल."

"खड्डा आहे म्हणून?"

"मला दिसतो म्हणून."

ते उठले, काठीनं पायरी चाचपत अंगणात गेले, सायकलपाशी जाऊन मागच्या टायरवर अंगठा दाबला. "एकोणचाळीस. उद्या एक पौंड भर," ते म्हणाले. "टेम्पो दहाला आहे ना? साडेसहाला निघू."

रविवारी थंडी होती. मी दोन्ही चाकं चाळीसवर आणली, वही घरातच ठेवली. कॅनॉलचा रस्ता लागला. पहिला खड्डा दिसला आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. दोन वर्षांची सवय. अगदी जवळ आला तेव्हा मी ओरडले, "खड्डा!"

उशीर झाला होता. त्यांना बसला.

"आधी," ते मागून म्हणाले. "दोन पेडल आधी. आणि नुसतं खड्डा नको, डावीकडं की उजवीकडं तेही सांग."

दुसऱ्याला मी वेळेवर म्हणाले. "खड्डा, उजवीकडं, दोन पेडल." मागं सीट करकरली. ते उठले. चाक गेलं. ते बसले.

"गेला?" ते म्हणाले.

"गेला."

"काहीच नाही लागलं."

मग खडी. मग मोरी. मग ऊस. मी सांगत होते, ते उठत होते. विडणीला पोचेपर्यंत आम्ही दोघं एकाच वेळी उठायला लागलो. परत फिरताना ते म्हणाले, "थांब जरा. ऋताला फोन लाव. टेम्पो पुण्याहून निघाला नसेल अजून."

तिथंच कॅनॉलच्या पुलावर थांबून फोन लावला. ऋतानं विचारलं, "काय झालं, सीट बदलली का?" मी म्हणाले, "नाही, तीच आहे." ती सायकल नंतर आमच्याकडं नऊ वर्षं राहिली. सीट त्याच, हवा चाळीस.

पुलावरून पुन्हा निघालो तेव्हा ऊन वर आलं होतं. पुढचा रस्ता सरळ आणि चांगला होता. सांगायला खड्डा नव्हता.

"फक्त खड्डेच सांगणार आहेस का?" मागून आवाज आला.

"मग काय सांगू?"

"काय आहे ते सांग."

मी सांगायला लागले. डाव्या हाताला ऊस, त्याला तुरे आलेत. कॅनॉलला पाणी सोडलंय, गढूळ आहे. पलीकडच्या काठावर एक बाई गोधडी धुतेय, लाल-निळ्या चिंध्यांची. तिनं मान वर करून आपल्याकडं बघितलं. त्यांनी तिकडं हात हलवला. मी सांगितलं, तिनंही हलवला.

थोडं अंतर गेलं. मग त्यांनी विचारलं, "हेमा, माझे केस किती पांढरे झालेत?"

मी हँडल घट्ट धरलं. "कानांवरचे सगळे. पुढं अजून काळे आहेत थोडे."

"बरा दिसतो का?"

"बरे दिसता. हेडमास्तरासारखे."

"आणि तुझे?"

"मी रंगवते."

"रंगवतेस? कधीपासून?"

"दीड वर्ष झालं असेल."

"म्हणजे मला कळणारच नाही म्हणून खुशाल..." ते म्हणाले, आणि मी उत्तर द्यायला मान वळवली, आणि तेवढ्यात सायकल धाडकन खाली जाऊन वर आली. मी सीटवरून उडून दाणकन बसले. मागं तेही उडून दाणकन बसले.

"हा सांगितला नाहीस!" दिगंबर ओरडले.

"मलाच दिसला नाही!"

ते हसायला लागले. इतके हसले की सायकल डोलायला लागली, आणि मला ब्रेक दाबून पाय खाली टेकावे लागले.